प्रश्न तुमचे : फीडबॅकमध्ये ३.१ आले, आता काय?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी विद्यापीठात स्टॅटिस्टिक्स शिकवते, हे माझं दुसरंच वर्ष. सेमिस्टर संपताना मुलांकडून फीडबॅक फॉर्म भरून घेतात, त्यात मला ५ पैकी ३.१ आले आणि आमच्याच विभागातल्या एका सरांना ४.४, ते ऐच्छिक विषय शिकवतात. ६० पैकी १४ जणांनीच फॉर्म भरलाय. विभागप्रमुख म्हणतात की पुढचं कंत्राट देताना हा आकडा बघणार. मी खरंच इतकं वाईट शिकवते का? झोप उडालीये.

उत्तर : या आकड्यावरून तुम्ही वाईट शिकवता असं अजिबात ठरत नाही. खरं तर चांगलं शिकवता असंही ठरत नाही, कारण त्यातून फारसं काही कळतच नाही. जेमतेम पाव वर्गाने फॉर्म भरलाय आणि आपणहून भरणारे हे १४ बाकीच्यांसारखेच असतील असं कशावरून? शिवाय सगळ्यांनी ३ दिले तरी सरासरी ३ आणि निम्म्यांनी १ नि निम्म्यांनी ५ दिले तरी ३च, पण वर्ग म्हणून ह्या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी झाल्या. हे तुम्ही मुलांना पहिल्याच महिन्यात शिकवत असाल, तेच आता विभागप्रमुखांना सांगा, आणि सरासरी न मागता कुठल्या प्रश्नाला किती जणांनी किती दिले ते मागा. त्या सरांशी तुलना तर करूच नका, आकडेमोडीच्या विषयांना रेटिंग कमी मिळतं हे आधीच दिसलेलं आहे.

आता खरा मुद्दा, रेटिंग जास्त म्हणजे मुलं जास्त शिकली का? १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स यांनी अशा प्रश्नावल्यांवर काम केलं, तेव्हापासून हा वाद आहे. १९८१ मध्ये पीटर कोहेन यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून सांगितलं की बऱ्यापैकी संबंध आहे, पण २०१७ मध्ये बॉब उट्ल आणि सहकाऱ्यांनी सगळं परत तपासलं तर लक्षात आलं की तो संबंध मुख्यतः छोट्या अभ्यासांमुळे दिसत होता, मोठ्यांमध्ये जवळजवळ काहीच उरत नाही. मला सगळ्यात पटलेला अभ्यास २०१० चा, कॅरेल आणि वेस्ट यांचा. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत मुलांना तुकड्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटून मिळतात आणि पेपर सगळ्यांना सारखाच असतो, त्यामुळे तुलना नीट करता येते. तिथे कॅल्क्युलस या गणिताच्या विषयाच्या पहिल्या कोर्सला ज्या शिक्षकांना मुलांनी जास्त रेटिंग दिलं त्यांची मुलं त्या पेपरात पुढे होती, पण पुढच्या कोर्समध्ये मागे पडली. म्हणजे ज्यांनी पाया पक्का करून घेतला त्यांनाच कमी मार्क! हार्वर्डमध्ये २०१९ साली फिजिक्सच्या वर्गात असंच दिसलं, स्वतः गणितं सोडवायला लावली तेव्हा मुलं जास्त शिकली, पण त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण कमी शिकलो. डोक्याला ताण पडला की न समजल्यासारखं वाटतं, त्यात मुलांचा काही दोष नाही.

कंत्राटाचं म्हणाल तर २०१८ मध्ये कॅनडातल्या रायर्सन विद्यापीठाच्या वादात लवादाने निकाल दिला की बढतीसाठी शिकवण्याचा दर्जा ठरवताना या सरासऱ्या वापरायच्या नाहीत. विभागप्रमुखांशी बोलताना हे जरूर सांगा, आणि माझा आकडा बघू नका एवढंच म्हणून थांबू नका, दोन सहकाऱ्यांना तुमच्या तासाला बसवा, तुमच्या प्रश्नपत्रिका आणि तपासलेले पेपर बघा म्हणा.

पण फॉर्म फेकून देऊ नका हं. विषयाचं ज्ञान किती हे मुलं नाही सांगू शकत, पण आवाज येतो का, वेग झेपतो का, पेपर वेळेत परत मिळतात का, शंका विचारायची भीती वाटते का, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. मी तीन वर्षं फळ्याच्या खालच्या भागात लिहीत होते आणि मागच्या दोन बाकांना काहीच दिसत नव्हतं, हे मला एका चिठ्ठीवरून कळलं, आजही त्याचं वाईट वाटतं. म्हणून चौथ्या पाचव्या आठवड्यातच नाव न लिहिता दोन ओळी मागा, काय समजत नाहीये आणि काय बदलू. एकाने लिहिलं तर वाचून ठेवा, सातआठ जणांनी तेच लिहिलं तर बदला. आणि कपड्यांवर, दिसण्यावर कुणी लिहिलं असेल तर ती ओळ सरळ सोडून द्या, ती तुमच्या शिकवण्याबद्दल नाहीचे.

प्रश्न : मॅडम, मी दुसऱ्या वर्षाला आहे. दर सेमिस्टरला फॉर्म भरतो पण काहीच बदलत नाही, मग भरायचा कशाला?

उत्तर : तुझी चिडचिड बरोबर आहे, सेमिस्टर संपल्यावर घेतलेल्या फॉर्मचा फायदा झालाच तर पुढच्या बॅचला होतो. तरी भर, फक्त 'बोअर होतं' असं लिहू नकोस, 'तिसऱ्या युनिटला एकही उदाहरण सोडवून दाखवलं नाही' असं लिही, म्हणजे वाचणाऱ्याला काहीतरी करता येईल. आणि वर्ग प्रतिनिधीला विचारायला सांग, मागच्या वेळच्या फॉर्मवरून काय बदललं? हे सगळ्या वर्गासमोर विचारा.