पोर्ट्रेट जमतं, खरं मनाने काढलेली पात्रं सगळी एकसारखीच दिसतात. कॅरेक्टर डिझाईन घरी कसं शिकायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खानापूरला राहता, ड्रॉइंगची लोअर-हायर परीक्षा झालेली आहे, फोटोवर चौकटी आखून कुणाचंही पोर्ट्रेट हुबेहूब काढता. पण लहान मुलांच्या गोष्टीसाठी मनाने माणसं काढायला बसलात की आजोबा, मास्तर, शेजारीण सगळी एकाच आईची लेकरं दिसतात. जवळपास क्लास नाही, हाताशी पेन्सिल आणि मोबाईल आहे. कसं शिकायचं आणि किती दिवस लागतील?

चौकटी आखून काढताना रेघ कुठे जाते ते कळतं, तिथेच का जाते ते कळत नाही. दोनशे नाकं उतरवली तरी एकही नाक डोक्यात राहत नाही. समोरचा फोटो नसला की हात त्याला पाठ असलेला एकच चेहरा काढतो आणि आपण त्याला मिशी, चष्मा, पदर चढवतो. खात्री करायची असेल तर तुमची पाच पात्रं घ्या, ट्रेसिंग पेपरवर केस-मिशा-कपडे वगळून फक्त चेहऱ्याची कड, डोळे, नाक, हनुवटी उतरवा आणि पाचही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावा. डोळे डोळ्यांवर आणि हनुवटी हनुवटीवर बसली, तर तुमच्याकडे पात्र एकच आहे आणि वेष पाच.

म्हणून सुरुवात मापांपासून करा. खऱ्या प्रौढ माणसाची उंची त्याच्याच डोक्याच्या सात ते साडेसात पट असते. वर्षाचं मूल साधारण चार डोकी, पाच-सहा वर्षांचं साडेपाचच्या आसपास. प्रौढाचे डोळे डोक्याच्या बरोबर मधोमध असतात (नवशिके कपाळ कापून ते वर सरकवतात), लहान मुलाचे मध्याच्या खाली. दोन डोळ्यांत साधारण एका डोळ्याचं अंतर. हे पाठ करायचं, आणि मग मुद्दाम मोडायचं. प्रत्येक पात्रासाठी कागदाच्या कोपऱ्यात चार आकडे लिहा: उंची किती डोकी, खांदे किती डोकी रुंद (इथे डोक्याची रुंदी धरायची), डोळ्यांतलं अंतर किती डोळे, मान जबड्याच्या मानाने किती जाड. दोन पात्रांत चारपैकी तीन आकडे जुळत असतील तर पेन्सिल उचलण्याआधीच बदला. तालमीतला पैलवान घ्या: मान जबड्याएवढी रुंद, खांदे तीन-साडेतीन डोकी, कान मोडून जाड झालेले. त्याला लंगोट न घालता सदरा-पायजमा घातला तरी तो पैलवानच दिसला पाहिजे.

पुढचं काम काळ्या आकृत्यांचं, आणि माझ्या मते अर्धं शिक्षण इथेच आहे. ए-फोर कागद तीनदा दुमडला की आठ घरं पडतात. असे तीन कागद, म्हणजे चोवीस घरं. प्रत्येक घरात पाचेक सेंटीमीटर उंचीची एक आकृती, ब्रश पेनने किंवा जाड मार्करने सरळ काळी भरून. चेहरा नाही, आतल्या रेघा नाहीत, दोन मिनिटांच्या वर वेळ नाही. पहिल्या सात-आठ तुम्हाला आधीपासून सुचलेल्याच येतील, त्या येऊन जाऊ द्या. मजा साधारण दहाव्यानंतर सुरू होते, कारण तोवर साठा संपलेला असतो. मग कागद हातभर लांब धरून घरच्या कुणाला तरी विचारा: वय काय, काम काय? सांगता आलं नाही ती आकृती बाद.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे हात अंगाला चिकटवणं. काळ्या रंगात हात, पोट आणि हातातली वस्तू यांचा एकच गोळा होतो. कोपर बाहेर काढा, वस्तू अंगापासून सुटी करा, दोन पायांत फट ठेवा. दुसरी चूक म्हणजे डोकं, धड, पाय सगळ्यांना सारखाच वाटा. एक भाग मोठा, एक मधला, एक लहान असं विषम वाटप केलं की आकृती बोलू लागते. आणि गोल म्हणजे प्रेमळ, त्रिकोण म्हणजे दुष्ट असा पाठ सगळीकडे देतात, तो नियम म्हणून घेऊ नका. गोलमटोल, हसरा सावकार टोकदार नाकाच्या सावकारापेक्षा जास्त भीती घालतो.

आता एक पात्र पुरतं बघू. निपाणीतली विडी बांधणारी आजी. सूप मांडीवर, त्यात तंबाखू, ओलसर फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, पान कापायला पत्र्याचा साचा आणि कात्री, शेवटी बांधायला दोरा. ही यादी नुसती सजावट म्हणून वापरली तर चित्र माहितीपत्रक होईल. यादीवरून शरीर काढायचं. नजर सतत मांडीवर, म्हणून पाठीची रेघ विळ्यासारखी वाकलेली, खांदे कानांकडे चढलेले, मान पुढे. काम सगळं बोटांचं, म्हणून हात मी दीडपट मोठे करीन आणि बाकी अंग लहान: उभी राहिली तर पाच डोकी. पापण्या खाली, म्हणून बुबुळ जवळजवळ दिसतच नाही, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. समोरून काढलं तर सूप पोटात मिसळून जातं, म्हणून पाऊण बाजूने (समोर आणि बाजू यांच्या मधून, थ्री-क्वार्टर). आणि मुख्य गोष्ट: ही आजी चौदाव्या पानावर बाजारात चालताना असेल तेव्हाही मान पुढेच आणि खांदे चढलेलेच हवेत. लुगडं बदललं, सूप नाही, तरी वाचणाऱ्या पोराला ती ओळखू येते ती या वाकण्यावरून.

म्हातारपण सुरकुत्यांनी दाखवू नका. सुरकुत्या घातलेला तरुण चेहरा आजारी दिसतो. वयानुसार नाक-कान लांब वाटू लागतात, ओठ पातळ होतात, दात गेले की नाक आणि हनुवटी जवळ येतात. एवढे तीन बदल केले की दोन सुरकुत्या पुरतात.

कपड्याचं तसंच. इरकली लुगड्याच्या पदरावरची नक्षी मोजून काढाल तर बाराव्या पानावर हात टेकाल. लाल पदर, त्यावर पांढरे तीन पट्टे, काठाची एक रेघ, बस्स. पोशाखातली कुठलीही गोष्ट वीस वेळा एकसारखी काढता येईल का, हाच निकष. खणाच्या चोळीचे बारीक बुट्टेही यात बसत नाहीत. खणाचा एक गडद रंग आणि बाहीचा काठ ठेवा.

एवढं ठरलं की पात्र चारही बाजूंनी काढा. कागद आडवा, त्यावर आडव्या रेघा: डोक्याचा माथा, डोळे, हनुवटी, कंबर, गुडघे, जमीन. त्या रेघांवर समोरून, पाऊण बाजूने, बाजूने, पाठीमागून. बाजूने काढताना जवळजवळ सगळे कवटीचा मागचा भाग कापतात. डोकं बाजूने जवळपास उंचीइतकंच खोल असतं, कान त्या खोलीच्या मध्याच्या जरा मागे. पाऊण बाजूला लांबचा डोळा अरुंद झाला पाहिजे, दोन्ही सारखे ठेवले की चेहरा पोळपाटासारखा चपटा होतो. मोबाईलवर काम करणाऱ्यांची एक खास चूक: डावी बाजू काढायची, ती अ‍ॅपमध्ये उलटी करायची आणि उजवी म्हणून ठेवून द्यायची. पदर उजव्या खांद्यावर गेलेला आजीच्या आधी वाचकांना दिसतो.

हावभावांसाठी राग-आनंद-दुःख अशी मुखवट्यांची रांग काढू नका. प्रसंग लिहा: बस समोरून निघून गेली, दिवे गेले, नातू न विचारता दोरा घेऊन पळाला. त्या प्रसंगात हेच पात्र काय करील? विडीवाली आजी ओरडणार नाही, ओठ मिटेल आणि हात थांबवेल. पैलवान त्याच प्रसंगात उठून उभा राहील. भुवया, पापण्या, तोंड आणि खांदे या चौघांनी मिळून भाव होतो. नवशिके फक्त तोंड वाकडं करतात.

आता निरीक्षण. तुमच्याकडे गुरूची कमतरता नाही, खानापूरहून बेळगाव किंवा लोंढ्याकडे जाणारी पॅसेंजर आहे की. डब्यात लोक दहा-दहा मिनिटं हलत नाहीत. बाजारात मात्र हलतात, तिथे तीस सेकंदांची रेघच काढायची: पाठ कुठे वाकली, वजन कुठल्या पायावर. चेहरा निरखून काढू लागलात तर काका-मावश्या विचारणारच, ‘काय लिहायलाय?’ त्याला उपाय म्हणजे आठवणीने काढणं, आणि तोच जास्त उपयोगी व्यायाम आहे. बेळगावच्या गणपत गल्लीतून चालताना एका माणसाकडे दहा सेकंद बघा, मनात तीन शब्द पकडा (‘पोट पुढे, पाय फेंगडे, हात मागे’), पुढच्या चहाच्या गाड्यावर ते काढा. विसरलेलं मनाने रचून काढावं लागतं, आणि तिथेच नक्कल सुटते.

सामान फार नको. ७५ जीएसएमचे झेरॉक्सचे ए-फोर कागद (५०० चा गठ्ठा घ्या, महागाच्या स्केचबुकवर हात आखडतो), एचबी आणि टू-बी पेन्सिल, एक ब्रश पेन, खालच्या कच्च्या रेघांसाठी निळी रंगीत पेन्सिल. कॉम्प्युटर असेल तर क्रिता हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात कीबोर्डवर एम दाबलं की चित्र आरशात दिसतं तसं उलटं होतं आणि वाकडा जबडा लगेच कळतो. कागदावर तेच करायला कागद उलटा करून उजेडासमोर धरा. मोबाईलवर बोटाने रेखाटत बसू नका. कागदावर काढा, सकाळच्या उजेडात सावली न पडू देता वरून सरळ फोटो घ्या आणि रंग तेवढे आयबिस पेंट या अ‍ॅपमध्ये भरा. ए-फोर छापायचं असेल तर फाईल २४८० बाय ३५०८ पिक्सेलची, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). लहान फाईल नंतर ताणून मोठी केली की कडा फाटतात.

रंग भरण्याआधी पात्र तीन राखाडी छटांत भरून बघा. नंतर रंगीत चित्राचा फोटो काळा-पांढरा करा. कातडी आणि लुगडं एकाच राखाडीत गेलं असेल तर दोन्हीपैकी एक गडद करा. अ‍ॅपमधला तयार गुलाबी ‘स्किन’ रंग आपल्या माणसांना लावू नका. तपकिरीपासून सुरुवात करा, सावलीत काळा मिसळण्याऐवजी लालसर तपकिरी घ्या.

वेळेचं विचारलंत. रोज पाऊण तास धरा: दहा मिनिटं तीस-तीस सेकंदांच्या आकृत्या, पंधरा मिनिटं आठवणीने, वीस मिनिटं चालू पात्रावर. आठवड्याला एक पात्र, पहिले दोन दिवस फक्त काळ्या आकृत्यांचे. बारा आठवड्यांनी बारा पात्रं एकाच जमिनीच्या रेघेवर, एकाच मापात ओळीने उभी करा आणि सगळी काळी भरा. ज्या दोन आकृत्या एकमेकींत मिसळतात त्यातल्या एकीचे ते चार आकडे बदलून ती परत काढा. टोपी किंवा दाढी लावून वेळ मारून नेऊ नका.

प्रकाशकाला नमुना पाठवायचा झाला तर बाराही पाठवू नका. एकच पात्र तीन प्रसंगांत, पूर्ण पानावर: एकात ते दुसऱ्या कुणाशी बोलतंय, एकात गर्दीत लहान दिसतंय, एकात पाठमोरं. मी पाठमोरं पान सगळ्यात वर ठेवीन.