स्कॉटलंडमधला हॅमिल्टन पॅलेस खाणींमुळे पाडावा लागला की मालक कर्जात बुडाले म्हणून?

खाणींमुळे, असंच बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, पण माझ्या मते राजवाड्याचा जीव त्याआधी चाळीस वर्षं गेला होता.

ग्लासगोला नोकरी करत असताना मी दोनतीनदा हॅमिल्टनला गेलो. क्लाइड नदीकाठच्या त्या आवारात आता खेळांची मैदानं आणि दुकानं आहेत. राजवाड्याची भव्यता मुख्यतः हॅमिल्टनच्या दहाव्या ड्यूकची, अलेक्झांडरची. १८२०च्या दशकात त्याने उत्तरेला प्रचंड दर्शनी भाग उभारला, पुढे एकसंध दगडाचे खांब. हौस अशी की ब्रिटनचं नेपोलियनशी युद्ध चालू असताना यानं फ्रेंच चित्रकार दाविदकडून नेपोलियनचंच चित्र काढून घेतलं! बायको बेकफर्डांची, त्या घराण्याचा पैसा जमैकातल्या गुलामांनी पिकवलेल्या उसाचा. सासऱ्याचा ग्रंथसंग्रह तिच्यामार्फत इथे आला. ड्यूकचा स्वतःचा पैसा मात्र जमिनीखालच्या कोळशाचा.

नातू, बारावा ड्यूक, घोड्यांच्या शर्यती आणि जुगारात रमला. १८८२ मध्ये ख्रिस्टीज या लिलावसंस्थेने राजवाड्यातल्या वस्तूंचा सतरा दिवस लिलाव केला: २,२१३ लॉट, ३,९७,५६२ पौंड. दाविदचा नेपोलियन आणि रुबेन्सचा सिंहांच्या गुहेतला डॅनियल आज दोघेही वॉशिंग्टनला आहेत. दांतेच्या काव्यावरची बोत्तिचेल्लीची रेखाटनं बर्लिनला गेली. उरलं ते रिकामं घर. मग पुढच्या पिढीने थेट राजवाड्याखालचा कोळसाही काढू दिला, यात मला नवल वाटत नाही. जमीन खचू लागली आणि १९२०च्या दशकात पाडकाम झालं.

शिल्लक आहे ती दहाव्या ड्यूकने बांधायला घेतलेली घुमटाची समाधी. तीही खचली, पण पडली नाही. आत प्रार्थना करायची होती, पण आवाज इतका घुमतो की शब्दच कळत नाहीत. आम्हाला दाखवायला दार धाडकन लावलं, तर नाद जवळपास पंधरा सेकंद विरेना.

ड्यूकसाहेबांनी स्वतःसाठी प्राचीन इजिप्शियन दगडी शवपेटी घेतली होती आणि १८५२ मध्ये मेल्यावर देहाची ममीही करवून घेतली. १९२१ मध्ये समाधीतल्या सगळ्यांना हलवावं लागलं. तेव्हापासून ते त्या पेटीसकट गावच्या बेंट दफनभूमीत, चारचौघांच्या शेजारी आहेत.