सेल म्हणायचं की बॅटरी?

प्रश्न असा : सातवीतल्या मुलीने रिमोटमधल्या पेन्सिल सेलला ‘बॅटरी’ म्हटलं, शिक्षकांनी चूक काढली. मग बॅटरी कशाला म्हणायचं, आणि हा शब्द विजेत शिरला कुठून?

शिक्षकांचं बरोबर आहे, पण मुलीचंही फारसं चुकलेलं नाही.

बॅटरी म्हणजे ओळीने मांडलेल्या तोफा. लष्करात तोफखान्याच्या तुकडीला आजही बॅटरीच म्हणतात. तो शब्द विजेकडे वळवला अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनने. तेव्हा वीज घासून तयार करायची आणि काचेच्या ‘लायडन जार’मध्ये साठवायची, एवढंच जमत होतं. फ्रँकलिनने खिडकीच्या ११ काचा घेतल्या, त्यांना शिशाचे पातळ पत्रे लावले आणि सगळ्या एकमेकींना जोडल्या. साठलेली वीज एकदम सुटायची. १७४९ च्या एका पत्रात त्याने या जोडणीला ‘इलेक्ट्रिकल बॅटरी’ म्हटलंय. त्याच पत्रात नदीकाठच्या मेजवानीचा बेतही आहे : टर्की विजेच्या झटक्याने मारायची, विजेवर फिरणाऱ्या सळईला लावून भाजायची आणि या बॅटरीने बार उडवत युरोपातल्या वीज-अभ्यासकांच्या नावाने पेले रिचवायचे. माणूस मिश्कील होता!

सतत वीज देणारं साधन मात्र १८०० मध्ये इटलीच्या व्होल्टाने जगापुढे आणलं. चांदी आणि जस्ताच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत. फ्रेंच लोक सेलला अजून ‘पील’, म्हणजे चळतच म्हणतात. इंग्रजीत तोफांचं नाव चिकटलं.

तेव्हा एकटा तो सेल, अनेक जोडले की बॅटरी. गाडीच्या जुन्या पद्धतीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर डिस्टिल्ड वॉटर घालायची सहा बुचं दिसतात. प्रत्येक बुचाखाली साधारण २ व्होल्टचा एक सेल. मराठीत ‘विद्युत घट’ आणि ‘घटमाला’. रहाटाची घटमाळ आपल्याकडे होतीच, त्यामुळे मला हा शब्द तोफांपेक्षा नेमका वाटतो.

पण इंग्रजीतही आता एकट्या सेलला सर्रास बॅटरी म्हणतात. परीक्षेत ‘सेल’ लिहावं, दुकानात काहीही मागावं. टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणणं मात्र आपल्याकडची गंमत, आतल्या मालाचं नाव बाहेरच्या नळकांड्याला. ‘विजेरी’ हा छान शब्द आहे, पण लाइट गेल्यावर अंधारात चाचपडणारा माणूस ‘अगं, बॅटरी कुठंय?’ असंच ओरडतो.