नगरपंचायतीसाठी जुनी फायरची गाडी घ्यावी का?

घ्या, पण पंप तुमच्यासमोर विहिरीवर चालवून पाहिल्याशिवाय नाही. मी पंप दुरुस्तीचंच काम करतो, रंग मारून नवे टायर टाकले की गाडी मस्त दिसते पण विहिरीत सक्शन पाईप सोडला की प्रायमिंगच धरत नाही (म्हणजे पंपातली हवा निघून पाणी वर चढतच नाही), सील गेलेलं असते. टाकी भरून रात्रभर उभी ठेवा, सकाळी खाली ओल दिसली तर समजून जा. चांगला पंपही ७-८ मीटरच्या खालचं पाणी ओढत नाही, म्हणून मे महिन्यात आपल्याकडच्या विहिरींचा भरोसा नको, अन् पऱ्हाटी-तुराट्यांचे ढीग पेटतात तेव्हाच, तर टाकी मोठीच पाहा. फक्त एक, १ एप्रिल २०२३ पासून सरकारी अन् नगरपंचायतीच्या गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांनंतर रिन्यू होत नाही, त्यामुळे १३ वर्षं जुनी गाडी स्वस्तात भेटली तरी दोन वर्षांत भंगारात.