ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा डेटा पोस्टजीआयएस या भौगोलिक डेटाबेसमध्ये भरताना इम्पोर्ट मध्येच 'किल्ड' होऊन का थांबतो?

तुमचा सर्व्हर ८ जीबी रॅमचा, देशाची पीबीएफ (नकाशाचा दाबून ठेवलेला डेटा) फाईल दीड जीबीची, ती डेटाबेसात भरणाऱ्या ओएसएमटूपीजीएसक्यूएल या प्रोग्रॅमला 'स्लिम' (मधला डेटा रॅमऐवजी डेटाबेसात ठेवणारा पर्याय) आणि कॅश ६००० दिलेली, आणि वेज (रस्त्यांसारख्या रेघा) चालू असताना टर्मिनलवर नुसतं 'किल्ड'. शिवाय कोणीतरी 'फ्लॅट नोड्स' (नोड्सच्या जागा डेटाबेसाबाहेर एका फाईलमध्ये ठेवणारा पर्याय) वापरायला सांगितलंय, ते वापरावं का, असंही विचारलंय.

फाईल खराब असण्याची शक्यता कमी आहे. रॅम संपली की लिनक्सचा ओओएम किलर बहुधा सगळ्यात जास्त मेमरी अडवून बसलेल्या प्रोसेसचा बळी घेतो. डीमेसेज ही कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा चालवून शेवटच्या ओळी बघा, मारलेल्या प्रोसेसचं नाव तिथे मिळेल. पोस्टग्रेस (पोस्टजीआयएसच्या खालचा डेटाबेस) मेलं असतं तर तुम्हाला कनेक्शन तुटल्याची एरर आली असती. नुसतं 'किल्ड' आलं म्हणजे खुद्द ओएसएमटूपीजीएसक्यूएलच गेलं.

वेजवरच का गेलं, ते सांगतो. या डेटात अक्षांश-रेखांश फक्त नोड्सना, म्हणजे बिंदूंना, असतात. रस्ता म्हणजे एक वे, आणि वेच्या पोटात असते नोड आयडींची यादी. त्यामुळे रस्त्याची रेघ तयार करायला प्रत्येक आयडीची जागा हुडकावी लागते. ही शोधाशोध रॅममध्येच व्हावी म्हणून कॅश असते. तुमचा ६००० हा आकडा एमबीमध्ये मोजला जातो, म्हणजे ८ पैकी ६ जीबी एकट्या कॅशला वाहिले. उरलेल्या दोनात ऑपरेटिंग सिस्टिम, पोस्टग्रेस आणि ओएसएमटूपीजीएसक्यूएलची बाकीची कामं. कॅश २००० करा. स्लिममध्ये कॅशमध्ये न मावलेले नोड्स डेटाबेसमधून वाचले जातात. वेळ जास्त लागेल, पण काम तडीस जाईल. डिस्क एसएसडी नसेल तर मात्र धीर धरा.

आता फ्लॅट नोड्स. हा सल्ला संपूर्ण जगाच्या फाईलसाठी उत्तम आहे, तुमच्यासाठी नाही. फ्लॅट नोड्सच्या फाईलमध्ये नोडची जागा त्याच्या आयडीवरून ठरते, दर आयडीला ८ बाइट. आयडी सगळ्या जगाला मिळून एकाच क्रमाने दिले जातात, त्यामुळे छोट्या प्रदेशात काल कोणी एक नवीन नोड टाकला असला तरी त्याचा आयडी अब्जांच्या घरातला असतो. म्हणून तुमची पीबीएफ दीड जीबीची असो की पन्नास, ही फाईल १०० जीबीच्या आसपास जाते. खंडाएवढा डेटा घेणार असाल तेव्हा जरूर वापरा आणि मग कॅश शून्य ठेवा.

पुढचा खड्डा इंडेक्सच्या वेळी आहे. 'मेंटेनन्स वर्क मेम' (इंडेक्स बांधताना पोस्टग्रेसने किती मेमरी वापरायची ती मर्यादा) १० जीबी ठेवा असं ठिकठिकाणी वाचायला मिळेल. तो आकडा दांडग्या रॅमच्या मशीनसाठी आहे, आणि ही मर्यादा एकूण नसून दर कामाला वेगळी लागते. ओएसएमटूपीजीएसक्यूएल शेवटी बऱ्याच टेबलांचे इंडेक्स एकाच वेळी बांधायला घेतं. ८ जीबीवर ५१२ एमबी पुरे, आणि तरीही ताण आला तर 'डिसेबल पॅरलल इंडेक्सिंग' द्या. याच टप्प्यावर प्रत्येक टेबल भौगोलिक क्रमाने लावून त्याची नवी प्रत बनते, तेव्हा डिस्कवर भरपूर मोकळी जागा हवी. इथे डिस्क भरली की सगळं मुसळ केरात, कारण अर्धवट इम्पोर्ट पुढे चालू करता येत नाही, पहिल्यापासून करावा लागतो.

खरं तर सुरुवात करण्याआधी एकच गोष्ट ठरवायला हवी: हा नकाशा पुढे अपडेट करत राहणार का? करणार असाल तर स्लिम हवाच, आणि त्याची नोड्स, वेज, रिलेशन्स (नोड्स-वेज एकत्र बांधणारे गट) यांची टेबलं जपायची. नसाल तर सोबत 'ड्रॉप' द्या, इम्पोर्ट झाल्यावर ती टेबलं आपोआप जातात आणि बरीच जागा सुटते. मग अपडेटचा रस्ता बंद, पण सहा महिन्यांनी ताजी फाईल आणून नव्याने भरणं अनेकांना परवडतं. मला तर लहान सर्व्हरवर तेच सोपं वाटतं.

टॅग्जचंही, म्हणजे नाव, प्रकार अशा माहितीच्या 'की' आणि किंमत या जोड्यांचंही, आधीच बघून घ्या. जुन्या पद्धतीच्या आउटपुटमध्ये स्टाईल फाईलमधल्या कीजनाच कॉलम मिळतो, बाकीचे टॅग्ज टाकून दिले जातात. 'नेम' येतं, पण 'नेम:एमआर' म्हणजे मराठी नाव गायब. एचस्टोअर (उरलेले टॅग्ज एकत्र साठवणारा पर्याय) चालू केलंत तर ते 'टॅग्ज' कॉलममध्ये राहतं. नकाशाची जी स्टाईल वापरणार तिच्या सूचनांत इम्पोर्टची आज्ञा दिलेली असते, तीच घ्या. इंटरनेटवरच्या कुठल्याही लेखातली उचलू नका, माझीसुद्धा नाही.

समुद्र दिसला नाही तर घाबरू नका. डेटात फक्त किनाऱ्याची रेघ असते, पाण्याचे पॉलिगॉन वेगळे उतरवावे लागतात.

पुन्हा देशभराची फाईल लावण्याआधी ऑस्मियम या साधनाने एका शहराएवढा तुकडा कापून घ्या. चौकट देताना रेखांश आधी, अक्षांश नंतर. कापण्याची स्ट्रॅटेजी 'स्मार्ट' ठेवा, नाहीतर सीमेवरचे मोठे तलाव अर्धवट राहून नकाशावर उमटतच नाहीत. हा तुकडा काही मिनिटांत भरला जाईल. त्यावर टाइल्स (नकाशाचे चौकोनी चित्र-तुकडे) नीट निघाल्या, नावांच्या जागी रिकामे चौकोन न येता अक्षरं दिसली, की मग टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्रॅम) मोठा इम्पोर्ट लावा, म्हणजे एसएसएच तुटलं तरी तो चालू राहील.