घानाला पहिल्यांदाच जाताय? आधी यादी छाटा

चार दिवसांत अक्रा, कुमासी, केप कोस्ट आणि पार उत्तरेचं मोले अभयारण्य? अहो, निम्मी सहल गाडीतच जाईल! पहिल्या खेपेला केप कोस्टलाच तीन रात्री मुक्काम ठोका.

आधी पिवळ्या तापाची लस, प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी. तिचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा. ते घानात शिरताना लागतं आणि भारतात परतल्यावरही. नसेल तर विलगीकरणात बसावं लागू शकतं. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

नवखे हमखास करतात त्या चुका:

- एल्मिना आणि केप कोस्ट हे दोन्ही किल्ले एका दुपारी उरकणं. एल्मिना पोर्तुगीजांनी 1482 मध्ये बांधला. गाइड घ्याच. गुलामांना कोंडायचे त्या तळघरात तो बोलायचा थांबतो, तेव्हा बाहेरच्या लाटा ऐकू येतात. तिथे सेल्फी नको. एका दिवशी एकच किल्ला.
- केप कोस्टजवळच्या काकुम राष्ट्रीय उद्यानात उशिरा पोचणं. जंगलाच्या माथ्यावरून जाणारे सात झुलते पूल सकाळी लवकर गाठा, नंतर रांग लागते. फळी जेमतेम पाऊलभर रुंद, दोन्ही बाजूंना जाळी. झुलतं, पण चालवतं. माझे पाय पहिल्या पुलावरच लटपटले होते, तिसऱ्यावर सरावले!
- खिशात मोठ्याच नोटा. ट्रोट्रोत, म्हणजे तिथल्या वडापमध्ये, सुटे सेडी (घानाचं चलन) लागतात. आणि ती भरल्याशिवाय हलत नाही, हे आपल्याला काही नवीन नाही.

मोले पुढच्या खेपेला. तेव्हा विचारा, सविस्तर सांगेन.