ट्रंकवर नवीन व्हीलॅन टाकताना

अरे, सिस्को स्विचच्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणारी स्विचमधली लिंक) व्हीलॅन 30 (एकाच स्विचवर केलेलं वेगळं आभासी नेटवर्क) टाकल्याबरोबर अख्ख्या मजल्याचं नेट बंद पडलं, कारण तुझ्या कमांडमध्ये ‘ॲड’ नाही. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन 30’ दिलंस की परवानगी असलेल्या व्हीलॅनची जुनी यादी जाते आणि एकटा 30 उरतो. ‘अलाउड व्हीलॅन ॲड 30’ असंच लिहायचं, आणि एंटर दाबण्याआधी ओळ पुन्हा वाचायची. मॅनेजमेंटचा व्हीलॅन (ज्यावरून आपण स्विच सांभाळतो) त्याच ट्रंकवरून येत असेल तर तुझं एसएसएच सेशनही (लांबून केलेलं लॉगिन) तिथेच तुटतं.

म्हणून लांबच्या स्विचला हात लावण्याआधी चालू कॉन्फिग (स्विचच्या सेटिंग्ज) सेव्ह आहे ना ते बघ आणि ‘रीलोड इन 10’ दे, म्हणजे दहा मिनिटांनी रीबूट ठरतो. संपर्क गेलाच तर दहा मिनिटांनी स्विच रीबूट होऊन सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर येतो. सगळं नीट चाललं तर ‘रीलोड कॅन्सल’, मगच ‘राइट मेमरी’ देऊन नवा बदल सेव्ह कर. हा क्रम कृपा करून चुकवू नकोस. नवा बदल तपासण्याआधीच सेव्ह केलास तर परतीची वाटच बंद.

नेट स्लो आहे अशी तक्रार आली की ‘शो इंटरफेसेस’ बघ. एका टोकाला सीआरसी (खराब झालेल्या फ्रेम्सच्या चुका) आणि दुसऱ्या टोकाला लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी) वाढत असतील तर बहुधा डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्हीकडे की आळीपाळीने पाठवायचं ही सेटिंग) जुळत नाही. दोन्ही बाजू ऑटोवर ठेव. नुसते सीआरसी वाढत असतील तर आधी पॅच कॉर्ड (जोडणारी छोटी केबल) बदल.